तळ्याला धाप लागते तेव्हा

वैशाखातल्या एखाद्या सकाळी तळ्यावर फिरायला आलेल्यांना काठाशी पांढरी पोटे वर करून तरंगणारे मासे दिसतात. बघता बघता गर्दी जमते, फोटो निघतात आणि पहिली शंका ठरलेली असते: रात्री कुणीतरी पाण्यात विष कालवले. कधी ते खरेही निघते. पण पुष्कळदा गुन्हेगार शोधायला बाहेर जावे लागत नाही. मासे गुदमरून मेलेले असतात. त्यांच्याभोवती लाखो लिटर पाणी असते, पण त्या पाण्यात श्वास घेण्यापुरता प्राणवायू उरलेला नसतो.

विष आणि गुदमरणे यांतला फरक काही खुणांवरून ओळखता येतो. प्राणवायू संपला की बहुधा मोठे मासे आधी मरतात आणि लहान पिल्ले तग धरतात. मरण्यापूर्वी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडे ठेवून हवा ओढण्याची धडपड करतात. हे घडते ते बहुधा पहाटे. विषबाधेत लहान-मोठे असा भेद राहत नाही, वेळही पाळली जात नाही, आणि माशांबरोबर बेडूक, पाणकिडे असे इतर जीवही मेलेले आढळतात. अंतिम निदान प्रयोगशाळेतच होते, पण या खुणा पाहिल्या तर निदान चुकीच्या माणसावर संशय घेणे टळते.

हवेत मुबलक, पाण्यात चिमूटभर

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. १ लिटर हवेत तो साधारण २७० मिलिग्रॅम भरतो. उलट ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या १ लिटर गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळू शकतो. म्हणजे माशाला आपल्यापेक्षा सुमारे पस्तीसपट गरीब वातावरणात जगावे लागते. पाणी जितके तापेल तितकी ही शिल्लक कमी होते. २० अंशाला ती ९.१ मिलिग्रॅम असते, १० अंशाला ११.३. उन्हाळ्यात पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद घटते आणि त्याच वेळी माशांची, जिवाणूंची श्वसनाची गरज वाढते. आवक कमी आणि खर्च जास्त, असा हा हिशेब आहे.

कटला, रोहू, मृगळ या आपल्याकडच्या तळ्यांतल्या माशांना १ लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मिळाला तर ते नीट खातात, वाढतात. तो ३ च्या खाली गेला की त्यांची भूक मरते, रोगाला ते लवकर बळी पडतात. १ च्या आसपास काही तास राहिला तर जीव जातो.

पाण्यात किती प्राणवायू विरघळला आहे हे मोजण्याची खात्रीची रासायनिक पद्धत हंगेरीच्या लायोश विंक्लर यांनी १८८८ मध्ये शोधली. आज हातात धरायचे मीटर मिळतात, पण त्यांचा खरेपणा तपासायला अनेक प्रयोगशाळांत अजूनही विंक्लर यांचीच बाटली वापरतात.

दिवसा सावकार, रात्री कर्जदार

तळ्यात प्राणवायू दोन वाटांनी येतो. वाऱ्याने पृष्ठभाग हलतो तेव्हा हवेतून, आणि दिवसा सूर्यप्रकाशात शेवाळ व पाणवनस्पती अन्न तयार करतात तेव्हा त्यांच्याकडून. दाट हिरव्या तळ्यात दुपारी प्राणवायू इतका वाढतो की पाणी त्याने भरून सांडू लागते. दुपारी मोजमाप घेणाऱ्याला अशा तळ्याची प्रकृती उत्तम वाटते.

सूर्य मावळला की शेवाळाचे उत्पादन थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. रात्रभर शेवाळ, जिवाणू, गाळातले जीव आणि मासे सगळेच एकाच साठ्यावर जगतात. या खर्चात माशांचा वाटा सहसा सर्वात मोठा नसतो. बहुतेक प्राणवायू शेवाळ आणि गाळच संपवतात. म्हणून नीचांक येतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. तळे जितके जास्त हिरवे, तितकी दुपारची उंची मोठी आणि पहाटेची घसरण खोल. त्यात दोन-तीन दिवस आभाळ भरलेले राहिले, वारा पडला, तर दिवसाची कमाईच होत नाही आणि तळे रात्री दिवाळखोरीत जाते.

जलपर्णीने झाकलेल्या तळ्याची गत याहून वाईट. वरच्या हिरव्या गालिच्यामुळे ऊन आत जात नाही, वारा पाण्याला लागत नाही, आणि कुजणारी पाने-मुळे खाली पडत राहतात. वरून बागेसारखे दिसणारे तळे खालून बंद खोलीसारखे झालेले असते.

पाण्याचे मजले

उन्हाने वरचे पाणी तापते, हलके होते आणि खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहते. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात हा थर अधिक घट्ट बसतो, कारण ३० अंशाच्या आसपास पाण्याचे तापमान एका अंशाने बदलले तर घनतेत पडणारा फरक ५ अंशाच्या पाण्यातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. दोन-तीन अंशांच्या फरकानेही वरचे आणि खालचे पाणी एकमेकांत मिसळेनासे होते.

पाण्यातून प्राणवायू आपोआप झिरपत खाली जाईल म्हणावे, तर त्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. म्हणजे पाणी हलल्याशिवाय तळाला प्राणवायू पोहोचत नाही. तळाशी मात्र वर्षानुवर्षांचा गाळ, पाने, निर्माल्य, मैला कुजत असतो. तिथला प्राणवायू संपला की त्याच्याविना जगणारे जिवाणू कामाला लागतात. मग मिथेन वायूचे बुडबुडे येतात आणि हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. माशांना घातक असलेला अमोनियाही साचत जातो.

अशा वेळी वळवाची एक जोरदार सर आली की वरचे पाणी एकदम गार होऊन खाली जाते आणि तळाचे काळे पाणी वर उसळते. शेतकऱ्याला हवासा वाटणारा पाऊस माशांच्या जिवावर उठतो तो असा. पावसाने तळे शुद्ध झाले म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी मासे तरंगावेत, या कोड्याचे उत्तर बऱ्याचदा या उलथापालथीत असते.

गाळात आणखी एक गोष्ट दडलेली असते, फॉस्फरस. तळाशी प्राणवायू असतो तोवर गाळातले लोह फॉस्फरसला धरून ठेवते. प्राणवायू गेला की ही पकड सुटते आणि फॉस्फरस पाण्यात येतो. शेवाळाला याच खताची भूक असते. १ ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे १०० ग्रॅम कोरड्या वजनाचे शेवाळ पोसले जाऊ शकते. ते शेवाळ मरून तळाशी जाते, कुजताना प्राणवायू खाते आणि पुन्हा फॉस्फरस सुटतो. एकदा हे चक्र लागले की तळे स्वतःच स्वतःला आजारी ठेवते.

हिरव्या सायीतला धोका

हा प्रश्न माशांपुरता राहत नाही. खत जास्त झालेल्या उबदार, संथ पाण्यात बऱ्याचदा निळे-हिरवे शेवाळ माजते. शास्त्रीयदृष्ट्या हे शेवाळ नसून जिवाणू आहेत. त्यांतल्या मायक्रोसिस्टिस या कुळाच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या जोरावर ते हवे तेव्हा वर येते, ऊन बळकावते आणि पाण्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी साय धरते. कोल्हापूरकरांनी रंकाळ्यावर जलपर्णीही पाहिली आहे आणि असे हिरवेगार झालेले पाणीही.

मायक्रोसिस्टिसच्या काही प्रकारांत मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृताला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची दीर्घकालीन मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवली आहे. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. उलट उकळताना पेशी फुटून ते अधिक प्रमाणात पाण्यात उतरू शकते. म्हणून हिरवी साय आलेल्या तळ्यात पोहू नये, मुलांना उतरू देऊ नये, गुरांना आणि कुत्र्यांना ते पाणी पाजू नये. अंगाला खाज, डोळ्यांची जळजळ, उलट्या-जुलाब असे त्रास अशा पाण्याच्या संपर्काने होऊ शकतात.

तळ्याला हवा द्यायची कशी?

यावरचा उपाय म्हणजे वायुवीजन, म्हणजे पाण्यात हवा मिसळणे. त्याची यंत्रे मुख्यतः तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार कारंज्याचा. पाणी वर उडते, थेंबाथेंबाला हवा लागते आणि ते परत पडते. बागेतल्या तळ्याला त्याने शोभा येते, पण कारंजे बहुधा वरचेच पाणी उचलून वरच टाकते. खोल तळ्याच्या बुडाला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरा चाकाच्या एरेटरचा. तरंगत्या सांगाड्यावरची पात्यांची चाके पाणी घुसळतात, उडवतात आणि पुढे ढकलतात. कोळंबीच्या आणि माशांच्या तलावांत हीच चाके फिरताना दिसतात. उथळ तळ्यात, अडचणीच्या रात्री माशांना वाचवायला हे यंत्र सर्वात उपयोगी.

तिसरा प्रकार तळातून हवा सोडण्याचा. काठावर कॉम्प्रेसर किंवा ब्लोअर, तिथून तळाशी गेलेली नळी आणि नळीच्या टोकाला बारीक छिद्रांची चकती. त्यातून बुडबुड्यांचे स्तंभ वर येतात. एक बुडबुडा फोडून निम्म्या व्यासाचे आठ केले, तर हवा तितकीच राहते, पण पाण्याला लागणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. शिवाय लहान बुडबुडे सावकाश वर चढतात, म्हणून त्यांना प्राणवायू सोडायला जास्त वेळ मिळतो. आणखी महत्त्वाचे म्हणजे हे बुडबुडे तळाचे पाणी आपल्याबरोबर वर ओढून आणतात, ते पाणी पृष्ठभागावर हवा घेते आणि पुन्हा खाली जाते. खोल तळ्यात हे अभिसरणच खरे औषध असते. तळे माणसाच्या उंचीपेक्षाही उथळ असेल तर मात्र बुडबुड्यांचा प्रवास लवकर संपतो आणि यंत्राचा खर्च वसूल होत नाही.

नेदरलँड्समध्ये अॅमस्टरडॅमलगतच्या न्यूवे मेर या खोल तलावात १९९३ पासून उन्हाळ्यात तळातून हवा सोडून पाणी ढवळले गेले. सतत खाली-वर फिरवल्या जाणाऱ्या मायक्रोसिस्टिसला तरंगण्याचा फायदा मिळेना, आणि त्याची जागा निरुपद्रवी प्रकारच्या शेवाळांनी घेतली. हे साधले ते तलाव खोल होता आणि ढवळणे पुरेसे जोरकस होते म्हणून. उथळ तळ्यात इतक्या सहज ते साधत नाही.

हिशेब करून पाहिला तर

यंत्र बसवले की तळे बरे होईल, या समजुतीला मात्र साध्या गणिताने धक्का बसतो. १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि २ मीटर खोल असे एक तळे घेऊ. त्यात १ कोटी लिटर पाणी मावते. ३० अंशाला ते प्राणवायूने काठोकाठ भरले तरी एकूण साठा ७५ किलो.

आता या तळ्यात एका नाल्यातून रोज १ लाख लिटर प्रक्रिया न केलेले सांडपाणी येते असे समजू. साधारण हजारभर लोकांच्या वस्तीचे ते सांडपाणी. अशा १ लिटर सांडपाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना सुमारे २५० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे रोजचा खर्च २५ किलो. तळ्याच्या पूर्ण साठ्याच्या एक तृतीयांश! १ अश्वशक्तीचा चाकाचा एरेटर प्रत्यक्ष परिस्थितीत तासाला जेमतेम १ किलोच्या आसपास प्राणवायू पाण्यात घालतो. तेव्हा केवळ या नाल्याची भरपाई करायला अशी दोन यंत्रे रोज बारा-तेरा तास चालवावी लागतील आणि रोज सुमारे २० युनिट वीज जळेल. गाळाची आणि शेवाळाची भूक यात धरलेलीच नाही.

नाला वस्तीचा असो वा नसो, पुण्य मिळवण्यासाठी माशांना घातलेल्या कणकेच्या गोळ्यांचाही हिशेब असाच. १ किलो पीठ माशांनी खाऊन पचवले काय किंवा न खाता कुजले काय, त्याचे पूर्ण विघटन व्हायला सुमारे १ किलो प्राणवायू लागतो. ३० अंशाच्या सव्वा लाखाहून अधिक लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू मिळून तेवढा होतो, म्हणजे दहा हजार लिटरचे तेरा टँकर. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षातल्या विधींनंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेकदा येतात. पिंडदानाचे अन्न आणि निर्माल्य तलावात पडल्यावर काय होते, ते या एका आकड्यावरून कळते.

स्वित्झर्लंडचा अनुभव आणखी बोलका आहे. तिथल्या झेंपाख तलावात १९८४ मध्ये मोठ्या प्रमाणावर मासे मेले. झेंपाख आणि बाल्डेग या दोन्ही तलावांत ऐंशीच्या दशकात उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू सोडायचा आणि हिवाळ्यात पाणी ढवळायचे, असा उपाय सुरू झाला. दहा वर्षांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि १९९८ मध्ये निष्कर्ष मांडला: तळाशी प्राणवायू पोहोचला, पण गाळातून सुटणारा फॉस्फरस अपेक्षेप्रमाणे कमी झाला नाही. तलावातला फॉस्फरस घटला तो सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे खत रोखल्यामुळे. यंत्राने माशांना जगण्याजोगी जागा मिळवून दिली, दुखण्याचे मूळ मात्र काठाबाहेर होते.

म्हणून वायुवीजनाकडे रुग्णाला लावलेल्या प्राणवायूच्या नळकांड्यासारखे पाहिले पाहिजे. धाप लागलेल्या माणसाला त्याची गरज असतेच, पण त्याने न्यूमोनिया बरा होत नाही. सांडपाणी आधी वळवायचे, मग गाळ काढायचा, आणि त्या जोडीला हवा द्यायची, असा हा क्रम आहे. तळ्यात यंत्र फिरते आहे एवढ्यावर पाणी पिण्याजोगे किंवा पोहण्याजोगे झाले असेही समजू नये. मैल्यातून आलेले रोगजंतू हवेच्या बुडबुड्यांनी मरतात असे नाही.

शेततळ्यात मासे सोडलेत?

राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून मोठ्या संख्येने शेततळी झाली आणि अनेकांनी त्यांत मासेही सोडले. अशा शेतकऱ्यांसाठी काही गोष्टी रोजच्या पाहणीत ठेवण्यासारख्या आहेत.

पहाटे तळ्यावर एक फेरी मारावी. मासे वर येऊन तोंड उघडत असतील आणि माणसाची चाहूल लागूनही खाली जात नसतील, तर एरेटर लगेच सुरू करावा आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. एरेटर नसेल तर पंपाने तळ्यातलेच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत सोडावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी थेट सोडू नये, कारण जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू बऱ्याचदा अगदी कमी असतो. ते आधी हवेतून उडवूनच तळ्यात पडू द्यावे.

पाण्याचा गढूळपणा मोजायला इटलीचे आंजेलो सेक्की यांची १८६५ ची युक्ती आजही चालते. दोरीला बांधलेली, पांढरी-काळी रंगवलेली वीस सेंटिमीटरची तबकडी पाण्यात सोडायची आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहायचे. पाणी शेवाळाने हिरवे असताना तबकडी २० सेंटिमीटरच्या आतच लुप्त झाली, तर रात्री प्राणवायू संपण्याचा धोका मोठा आहे असे समजून खत आणि खाद्य दोन्ही कमी करावे.

एरेटर चालवायची खरी वेळ मध्यरात्रीपासून सूर्योदयानंतर तासाभरापर्यंत. आभाळ भरलेले असेल तर त्याहूनही आधी. उन्हाच्या दिवशी दुपारी एखादा तास चालवला तर वरच्या थरात जास्त झालेला प्राणवायू खाली पोहोचतो. मात्र वर्षानुवर्षे न हललेल्या, तळाशी काळा गाळ असलेल्या तळ्यात तळातून हवा सोडणारे यंत्र पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ चालवू नये. तळाचे विषारी पाणी एकदम वर आले तर वाचवायला निघालेले मासेच मरतात. पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास, मग रोज थोडा वेळ वाढवत आठवडाभरात पूर्ण वेळेवर यावे. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात यंत्राच्या सांगाड्याने किंवा दोरांनी कागद फाटणार नाही याची काळजी घ्यावी. पाणी आणि वीज एकत्र येतात तिथे अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच हवाच. दुरुस्तीसाठी तळ्यात उतरण्याआधी मुख्य स्विच बंद केला आहे हे स्वतः पाहावे.

शहरातल्या तळ्यांबाबत नागरिकांनी विचारायचे प्रश्नही सोपे आहेत. कारंज्याचे किंवा एरेटरचे काम मंजूर होते तेव्हा तळ्यात येणारे नाले आधी बंद झाले का? प्राणवायूची मोजमापे पहाटे घेतली जातात की दुपारी? ती तळाशी घेतली जातात की काठावर, पृष्ठभागाला? यंत्राच्या विजेचे बिल आणि देखभाल उद्घाटनानंतर कोण सांभाळणार? दुपारी काठावरून घेतलेला एक आकडा आजारी तळ्यालाही धडधाकट ठरवू शकतो. तळ्याची खरी तब्येत कळते ती पहाटे, तळाजवळच्या पाण्यात. तपासणीच्या अहवालात त्या वेळेचा आणि त्या खोलीचा आकडा नसेल, तर तो मागून घेणे हे तळे वाचवण्याचे पहिले पाऊल ठरेल.